सोसायटीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर: आधी तपासायचं की घेऊन बघायचं? (टोपणनावांनी बोलणाऱ्या तिघांची चर्चा)

खतावणी: गृहनिर्माण सोसायटीच्या समित्या डेमो बघतात, ॲप देखणं वाटलं की वर्षाचे पैसे भरून मोकळ्या. डेमोत विक्रेत्याचा डेटा चालवू देऊ नका, आपला एक थकबाकीदार द्या. मुद्दल १०,०००, तीन महिने भरणा नाही, उपविधींत (सोसायटीच्या नियमावलीत) समजा २१ टक्के सरळव्याज. महिन्याला १७५, तिमाहीला ५२५ यायला हवेत. ५३४ आले तर व्याजावर व्याज लागतंय. मग त्याने ५,००० भरले असं दाखवा. रक्कम आधी व्याजात वळती झाली तर मुद्दल ५,५२५ उरतं, पुढच्या महिन्याचं व्याज ९६.६९. आधी मुद्दलात गेली तर ८७.५०. हा क्रम आपल्याला ठरवता येत नसेल तर तिथेच उठा. पटलं तरी एक तिमाही जुनं-नवं समांतर चालवा, मगच पैसे.

नळजोडणी: चोवीस फ्लॅटच्या सोसायटीत हे करणार कोण? खजिनदार बिनपगारी, तोही नोकरी सांभाळून. त्यापेक्षा एकाच वर्षाचं घ्या, तीन वर्षांच्या सवलतीला भुलू नका. दरमहा सभासदनिहाय खाती एक्सेलमध्ये उतरवून ठेवा. नाही जमलं तर ३१ मार्चला रामराम.

खतावणी: रामराम ठोका, पण सोबत नेणार काय? नुसती पीडीएफ मिळाली तर सगळं हाताने भरा. शिवाय आरंभीची थकबाकी चढवताना मुद्दल आणि व्याज असे दोन रकाने लागतात. दोन्ही एकाच आकड्यात टाकलंत की जुनं व्याज मुद्दल बनतं आणि १ एप्रिलपासून त्यावरही व्याज चढतं. ऑडिटरच्या आधी सभासदच भांडायला येतो.

जिना क्र. २: व्याजावरच अडकलात. भाडेकरू असलेल्या एका फ्लॅटचं बिल काढा. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, पालिकेचे कर वगळून. सरसकट अख्ख्या बिलावर १० टक्के लागले तर बाद. पाणी नळांच्या संख्येवर, लिफ्ट सगळ्यांना सारखी, हेही बघा. एक संध्याकाळ पुरते.

नळजोडणी: संध्याकाळ कबूल, तिमाही नाही. दोन्हीकडे नोंदी करायच्या म्हणजे दुप्पट काम, आणि कंटाळून एकीकडच्या राहिल्या की फरक सॉफ्टवेअरचा की आपला, तेच कळत नाही.

खतावणी: बरं, तिमाही सोडा. निदान एक बिल आणि त्याच्या वसुलीचा बँकेशी ताळमेळ तरी घ्या. एकाच यूटीआर क्रमांकाची (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो) पावती मुद्दाम दोनदा फाडून बघा, अडवतं का ते.