मावशीने घेतलेल्या बंगल्याचे पैसे परत मिळतील का? (कवळे, फोंडा)

फोंड्याची भाची
नमस्कार, जरा लवकर उत्तर हवंय. माझी पुण्याची मावशी आणि तिच्या घरचे असे नऊ जण मे महिन्यात शांतादुर्गेला अभिषेकासाठी आले होते. देवळाच्या अग्रशाळेत (भक्तनिवासात) खोल्या मिळाल्या नाहीत म्हणून मावशीने ॲपवरून कवळ्याजवळ तीन बेडरूमचा बंगला तीन रात्रींसाठी घेतला, २७,००० रुपये, सगळे आधीच तिच्या क्रेडिट कार्डवरून भरले. संध्याकाळी सहाला पोचले तर नळाला थेंब नाही. मालक फोनवर म्हणाला पंप जळलाय, तासाभरात टँकर पाठवतो. रात्री अकरापर्यंत टँकर नाही आणि नंतर फोनही उचलेना. ७८ वर्षांची आजी, दीड वर्षाचं बाळ, आणि सकाळी अभिषेकाला बसायचं तर आंघोळ नको का? शेवटी मी सगळ्यांना आमच्या घरी आणलं, दोन खोल्यांत जमेल तसं झोपलो. सकाळी परत विचारलं तर "दुपारी बघतो". मग मावशीने केअरटेकरकडे चावी दिली आणि मंगेशीला दुसरीकडे खोल्या घेतल्या.

आता मालक म्हणतो बुकिंग नॉन-रिफंडेबल होतं, तुम्ही स्वतःहून गेलात. ॲपवाल्यांनी तीन दिवस चॅटवर घोळवलं आणि "मालक तयार नाही" म्हणून तिकीट क्लोज केलं. आता मालक व्हॉट्सॲपवर ५,००० द्यायला तयार झालाय पण "सगळं मिटलं" असं लिहून द्या म्हणतो. मावशी म्हणते घेऊन टाक, देवीच्या कामाला आलो होतो, वाद नको. मला अजिबात पटत नाहीये. काय करू?

मांद्र्याचा होमस्टेवाला
ताई, मी स्वतः घर भाड्याने देतो, एक मालक म्हणूनच सांगतो. ते ५,००० घेऊ नका आणि तसं काही लिहून तर मुळीच देऊ नका, एकदा "मिटलं" लिहिलंत की पुढे सगळीकडे तोच कागद दाखवतील. नॉन-रिफंडेबल म्हणजे तुमचा बेत बदलला, गाडी चुकली, कोणी आजारी पडलं तर पैसे नाहीत. घरात पाणीच नाही ही वेगळी गोष्ट झाली. मे महिन्यात आमच्याकडे विहिरी खाली जातात, पंप बिघडतात, हे प्रत्येक मालकाला माहीत असतं, म्हणून टँकरवाल्याचा नंबर आधीच जवळ ठेवावा लागतो. पाहुण्यांच्या डोक्यावर ते घालायचं नसतं.

आता महत्त्वाचं, ॲपच्या चॅटमध्ये पहिला मेसेज कधी केलात? काही ॲपवर अडचण कळल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं. फोनवरचं बोलणं त्यांच्या रेकॉर्डवर येत नाही. आणि घर पर्यटन खात्याकडे रजिस्टर आहे का बघा, १९८२ च्या कायद्याने गोव्यात पर्यटकांना घर देणाऱ्याला ते लागतंच. नसेल तर पणजीला पाटोवर पर्यटन भवनात लेखी तक्रार करता येते.

फोंड्याची भाची
मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला केलाय, चॅटमध्ये आहे. मावसभावाने रात्री कोरड्या नळाचा व्हिडिओ काढलाय आणि मालकाला केलेल्या फोनचे स्क्रीनशॉट पण आहेत. भाऊ म्हणतो पैसे देत नसाल तर एक स्टार देतो असं मालकाला कळवूया का?

मांद्र्याचा होमस्टेवाला
नको नको! रिव्ह्यूची धमकी देऊन पैसे मागितले की ॲपवाले ते नियमभंग धरतात आणि तुमचीच बाजू लंगडी पडते. जे झालं ते खरं खरं लिहा, पण पैशांशी जोडू नका.

डिचोलीचा, कार्डवाल्या कामातला
पैसे क्रेडिट कार्डने भरलेत हे बरं झालं. मावशींना बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डवरून गेलेले पैसे बँकेमार्फत परत, मागायला सांगा, कारण लिहायचं "सेवा मिळाली नाही". साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण बँकेला आजच विचारा, बसून राहू नका. बुकिंगची पावती, व्हिडिओ, चॅट आणि मंगेशीच्या खोल्यांचं बिल असं सगळं एकाच पीडीएफमध्ये तारखेनुसार लावून द्या. आमच्याकडे नुसतं "फसवणूक झाली" लिहून आलेले अर्ज अडकतात हो, कागद नीट लावलेले असतील तर पुढे सरकतात. अर्ज मावशींच्याच नावाने जायला हवा, कार्ड त्यांचं आहे.

ग्राहक चळवळीतली, पुणे
ॲपवाले "आम्ही काही करू शकत नाही" म्हणतात ते ऐकून सोडू नकोस. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो, ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. चॅटवरचा माणूस तो नव्हे. वेबसाइटवर खाली त्याचा ईमेल असतो, तिथे लिही. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला मावशीच्या नावाने तक्रार नोंदव, ते कंपनीकडे पाठवतात आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच हालचाल होते.

नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, "सेवेतील त्रुटी" म्हणून. भरलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही, मुदत दोन वर्षं. आणि मावशीला त्यासाठी गोव्यात यायला नको! २०१९ च्या कायद्याने राहत्या ठिकाणी, म्हणजे पुण्यातच तक्रार करता येते, ऑनलाइनसुद्धा. तिला नीट समजावून सांग, हक्काचे पैसे मागणं म्हणजे भांडण नव्हे. देवीला काही राग येणार नाही.

फोंड्याची भाची
उशिरा लिहितेय, माफ करा. हे वाचून दाखवलं तेव्हा मावशी तयार झाली. ५,००० नको असं मालकाला चॅटमध्येच लिहिलं, तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, १९१५ वर नोंद केली. मेलची पोच दुसऱ्या दिवशी आली आणि १९ व्या दिवशी २४,००० कार्डवर परत! चार्जबॅकचा अर्ज भरून ठेवला होता तो द्यावाच लागला नाही. आजीने तर फोनवर तुम्हा सगळ्यांना आशीर्वाद दिलेत. ३,००० क्लीनिंग फी म्हणून ठेवून घेतलेत. मावशी म्हणते पुरे झालं आता, पण ज्या घरात आम्ही हातसुद्धा धुतले नाहीत त्याची साफसफाई कसली? त्या अधिकाऱ्याला आजच परत मेल टाकलाय.