वर्ष मागे पडेल, पण वाया नाही जाणार
दहावीनंतर लेकीला रोटरी क्लबच्या युथ एक्स्चेंजमधून, म्हणजे परदेशी यजमान कुटुंबात राहून तिथल्या शाळेत शिकण्याच्या योजनेतून, वर्षभर जर्मनीला पाठवावं का, वर्ष वाया जाईल का, असं विचारलंय तुम्ही. आमची लेक जाऊन आलीय, म्हणून लिहितेय.

वर्ष मागे पडणार हे धरूनच चाला. तिकडची मार्कशीट इथे अकरावी म्हणून चालेल, या भरवशावर राहू नका. तिकीट, व्हिसा, विमा आपल्याला करावा लागतो. राहणं-जेवण यजमान घरी. ही घरं बहुधा वर्षात दोन-तीनदा बदलतात, हे मुलीला आधीच सांगून ठेवा.

खरी कसोटी नोव्हेंबरात. साडेचार-पाचलाच अंधार, भाषा अर्धीमुर्धी कळतेय. लेक म्हणायची, "आई, वरणाला फोडणी देताना फोन लाव." मी फोन कढईजवळ धरायचे, मोहरी तडतडली की पलीकडे हुंदका. तेव्हा 'ये परत' असं अगदी ओठांवर यायचं, पण गिळायचं. जानेवारीत बोलता बोलता ती मध्येच 'गेनाऊ' (जर्मनमध्ये 'अगदी बरोबर') म्हणून गेली आणि माझा जीव भांड्यात पडला.

जर्मनची ए-वन (A1), म्हणजे अगदी पहिली पातळी इथेच करून घ्या. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवनात वर्ग असतात. आणि जायचंय का, हे तिला एकटीला बसवून विचारा. आम्ही ते फार उशिरा विचारलं.