साप्ताहिक सभा चालू ठेवावी की पंधरवड्याची करावी? तालुक्याच्या गावातील रोटरी क्लबचा प्रश्न

प्रश्न (नियोजित अध्यक्ष, सांगली जिल्हा)

नमस्कार. तालुक्याच्या गावातील एका रोटरी क्लबचा मी नियोजित अध्यक्ष आहे. येत्या १ जुलैला वर्षभराची जबाबदारी माझ्याकडे येईल, आणि त्याआधी एका प्रश्नावर अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

आमची सभा दर गुरुवारी रात्री ८ वाजता भरते. पटावर ४१ सभासद आहेत, पण गेल्या वर्षभरात एखाद्या सभेला १४ जण आले तर आम्ही ती चांगली उपस्थिती समजू लागलो आहोत. त्यामागे केवळ अनास्था आहे असे मला वाटत नाही. सभासदांपैकी सातजण कृषी सेवा केंद्र चालवतात. ऑक्टोबरमध्ये द्राक्षबागांच्या फळछाटणीनंतर औषधांसाठी शेतकऱ्यांची जी रीघ लागते, ती रात्री ९ पर्यंत हटत नाही. फेब्रुवारीपासून काढणी आणि बेदाण्याची धांदल असते आणि एप्रिलमध्ये खरडछाटणी येते. डॉक्टर सभासदांची संध्याकाळची ओपीडी त्याच वेळेला असते. जे येतात त्यांच्यापुढे राष्ट्रगीत, फोर-वे टेस्टचे (रोटरीच्या आचारविषयक चार प्रश्नांचे) वाचन, वाढदिवसांच्या शुभेच्छा, पाहुण्या वक्त्यांचा परिचय, व्याख्यान, आभार आणि जेवण असा ठरलेला क्रम पार पडतो. व्याख्याते चांगलेच असतात, परंतु दर आठवड्याला नवा वक्ता शोधणे हेच सचिवांचे मुख्य काम होऊन बसले आहे.

दुसऱ्या बाजूला क्लबची कामे चालू आहेत. रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून व्हीलचेअर, वॉकर, एअर बेड आणि फाउलर बेड (डोक्याकडची बाजू वर-खाली करता येणारी खाट) अनामत रक्कम घेऊन नेऊ दिले जातात. कन्याशाळेत हिमोग्लोबिन तपासणी होते, वर्षातून दोनदा नेत्रशिबिर होते आणि दिवाळीच्या आसपास एखादा वनराई बंधारा, म्हणजे ओढ्यावर पोत्यांचा तात्पुरता बांध, घातला जातो. ही कामे मात्र पाच-सहाजणच करतात, आणि ती सभेत ठरत नाहीत, फोनवर ठरतात.

२०१६ साली रोटरीच्या विधिपरिषदेने (रोटरीचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने) क्लबांना सभांच्या बाबतीत मोकळीक दिली असून महिन्यातून किमान दोन सभा घेतल्या तरी चालते, हे मला ठाऊक आहे. कार्यकारिणीतील बहुतेकांचे मत पंधरवड्याच्या सभेकडे झुकते आहे. ज्यांच्या क्लबने हा बदल केला आहे किंवा विचार करून नाकारला आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

उत्तर १ (माजी अध्यक्ष, कोल्हापूर जिल्हा)

आपण प्रश्न पदग्रहणाच्या आधी विचारलात हे योग्य केलेत, कारण एकदा वर्ष सुरू झाले की असा विचार करायला सवड राहत नाही.

मी ३१ वर्षे सभासद आहे आणि साप्ताहिक सभेचा आग्रह धरणाऱ्यांपैकी आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन सहकारी प्रथम एकत्र बसले, त्यानंतर सभा पाळीपाळीने एकेका सभासदाच्या कार्यालयात होत असे आणि त्या फिरतीवरूनच रोटरी हे नाव पडले. वेगवेगळ्या व्यवसायांतील माणसे एकमेकांच्या कामाच्या जागी जाऊन बसत, हे मला त्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. आपण पुढे हॉल आणि हॉटेल धरले आणि ती ओळख सुटली.

साप्ताहिक सभेचा उपयोग मी प्रत्यक्ष पाहिला तो पल्स पोलिओच्या वर्षांत. १९९५ साली देशव्यापी मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्याकडे अडचण गावातल्या बूथची नव्हती, ऊसतोड मजुरांची होती. डोस देण्याचे दिवस नेमके गळीत हंगामात येत. बीडकडून आलेल्या टोळ्या आज एका फडावर तर चार दिवसांनी दुसऱ्या गावाच्या शिवारात, आणि त्यांच्या कोप्यांवरची (झोपड्यांमधली) लहान मुले कुठल्याच यादीत नसत. कारखान्याच्या शेती विभागात काम करणारे आमचे एक सभासद दर मंगळवारच्या सभेत कोणती टोळी कोठे उतरली आहे ते सांगत, वीटभट्टीवाले सभासद भट्ट्यांवरची मुले मोजून आणत, ज्याच्याकडे जीप असे तो आरोग्य सेविकांना आणि लसीच्या शीतपेटीला घेऊन त्या बाजूला जाई. ती माहिती आठ दिवसांत शिळी होत असे. पंधरा दिवसांनी भेटलो असतो तर आम्ही रिकाम्या फडावर जाऊन उभे राहिलो असतो.

भारतातला वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश ज्या विभागात मोडतो तो दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्या दिवशीची सभा मी विसरू शकत नाही, कारण एरवी न येणारे सभासदही त्या संध्याकाळी आपणहून आले होते.

म्हणून माझे मत असे की उपस्थिती घटली ती सभा दर आठवड्याला असते म्हणून नव्हे. सभेत सभासदाच्या वाट्याला काही काम येत नाही म्हणून. आपणच लिहिले आहे की कामे फोनवर ठरतात. सभा पंधरवड्याची केलीत तरी ती फोनवरच ठरत राहतील.

उत्तर २ (सचिव, नाशिक जिल्हा)

आमच्या क्लबने हा बदल केला, दोन वर्षे राबवला आणि पुढे अर्धा मागे घेतला. त्यामुळे दोन्ही बाजू अनुभवाने सांगू शकते.

आरंभी खरोखर बरे वाटले. सभागृहाचे भाडे आणि जेवणाचा खर्च जवळजवळ निम्मा झाला आणि वक्त्यांची शोधाशोध कमी झाली. सभेला १२ ऐवजी २० जण येऊ लागले. परंतु एखाद्याची एक सभा चुकली की त्याची-आमची गाठ एकदम महिन्याने पडे, आणि महिनाभर न भेटलेल्या माणसाला रविवारी शिबिरासाठी ये म्हणून सांगताना मला संकोच वाटू लागला. ही गोष्ट आकड्यांत दिसत नाही, पण क्लब चालवणाऱ्याला ती फार लवकर जाणवते.

खरा फटका वनराई बंधाऱ्याच्या वेळी बसला. आपण बंधारे घालता म्हणून मुद्दाम विस्ताराने लिहिते. पाऊस संपल्यावर ओढ्याचे पाणी वाहते असते, तेवढ्या काही आठवड्यांतच सिमेंटची रिकामी पोती वाळू-मातीने भरून, तोंडे शिवून, सांध्यावर सांधा येऊ न देता प्रवाहाला आडवी रचावी लागतात. जागा पाहणे, ग्रामपंचायतीशी बोलणे, बांधकाम व्यावसायिकांकडून पोती जमवणे आणि श्रमदानाचा दिवस ठरवणे ही कामे एकामागून एक होतात. त्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या सभेत जागेचा विषय अपुरा राहिला, दुसऱ्या सभेत पोती कोण आणणार यावर चर्चा झाली आणि पुढची सभा दिवाळीत गेली. आम्ही ३०० पोती घेऊन पोहोचलो तेव्हा ओढ्यात डबकी उरली होती. गावातील एक आजी आम्हाला म्हणाल्या, ‘बाळांनो, तीन आठवडे आधी यायला हवं होतं.’ त्या वाक्यानंतर मी कार्यकारिणीत साप्ताहिक सभेचा विषय पुन्हा काढला.

आता आमची पद्धत अशी आहे. पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात सभागृहात नेहमीची सभा होते. उरलेल्या आठवड्यांत सभा कामाच्या जागी भरते, म्हणजे कधी शाळेत, कधी साहित्य केंद्राच्या खोलीत, कधी एखाद्या सभासदाच्या कारखान्यात. तेथे जेवण नसते, फक्त चहा. वरिष्ठ सभासदांनी उल्लेखिलेली जुनी फिरती सभा आम्ही अशा रीतीने नकळत परत आणली. क्लबच्या सेवाप्रकल्पावर घालवलेला वेळ कार्यकारिणीच्या संमतीने उपस्थितीत धरता येतो, त्यामुळे नोंदीची अडचण येत नाही. मात्र हा बदल तोंडी ठरवू नका. उपविधीत, म्हणजे क्लबच्या अंतर्गत नियमांत, लेखी दुरुस्ती करा आणि सर्व सभासदांना रीतसर सूचना देऊन मगच ती मतास टाका. आमच्या उपविधीत त्यासाठी २१ दिवसांची मुदत आहे.

सभेची वेळ हा आणखी एक मुद्दा आहे, आणि तो स्त्री सभासद म्हणून लिहिते. रोटरीत स्त्रियांना १९८९ पासून जगभर सभासदत्व खुले झाले, तरी रात्री ८ ला सुरू होऊन जेवणासह साडेदहाला संपणारी सभा ही आमच्यापैकी अनेकींसाठी बंद दारासारखीच असते. आम्ही सभा ७ वाजता सुरू करून ठीक ८ वाजता संपवू लागलो आणि जेवण महिन्यातून एकदाच, कुटुंबांसह ठेवले. त्यानंतर एका वर्षात सहा स्त्रिया सभासद झाल्या. आपल्या कृषी सेवा केंद्रवाल्यांना मात्र ७ ची वेळ मुळीच जमणार नाही. त्यांच्यासाठी हंगामात सकाळी साडेसातची सभा घेऊन पाहावी.

उत्तर ३ (माध्यमिक शिक्षिका, सोलापूर जिल्हा)

मी कोणत्याही क्लबची सभासद नाही, परंतु ज्या शाळांत आपली शिबिरे होतात त्यांपैकी एका शाळेत शिकवते, म्हणून थोडे लिहिते.

आमच्याकडे एका सेवाभावी संस्थेने २४० मुलींचे हिमोग्लोबिन तपासले. बारा वर्षांवरच्या मुलींमध्ये १२ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, हे डॉक्टरांनी छान समजावून सांगितले, छायाचित्रे निघाली, आणि त्यानंतर कोणी आले नाही. यादी मात्र माझ्याकडे राहिली. शासनाच्या साप्ताहिक कार्यक्रमातील लोहाच्या निळ्या गोळ्या शाळेत येतात, पण पोटात मळमळते म्हणून कितीतरी मुली त्या दप्तरात ठेवतात. गोळी उपाशीपोटी घेऊ नये, तिच्या आगेमागे चहा टाळावा आणि जेवणात लिंबू-आवळा असावा, हे मुलींना आणि त्यांच्या आयांना पुन्हा पुन्हा सांगणारे माणूस हवे असते. तीन महिन्यांनी त्याच मुलींची पुन्हा तपासणी झाली असती तर त्यांना स्वतःलाच फरक दिसला असता.

आपल्याला दर आठवड्याला वक्ता मिळत नाही असे आपण लिहिले आहे. शाळेतील शिक्षिका, आशा सेविका, व्हीलचेअर नेलेल्या रुग्णाचा मुलगा यांपैकी कोणाला कधी सभेत बोलावले आहे का? आम्हाला भाषण करता येत नाही, पण आपण केलेल्या कामाचे पुढे काय झाले ते आम्ही सांगू शकतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा तिघांचे मनापासून आभार. शिक्षिका ताईंचा प्रश्न वाचून मी क्लबची मागील पाच वर्षांची बुलेटिने काढून पाहिली. त्यांत ज्यांच्यासाठी आपण काम करतो अशी एकही व्यक्ती वक्ता म्हणून आलेली नाही. हे मला फार लागले.

कार्यकारिणीपुढे मी पुढील प्रस्ताव ठेवणार आहे. सभा साप्ताहिकच राहील, परंतु महिन्यातील दोन सभा कामाच्या जागी होतील. ऑक्टोबरमध्ये त्या सकाळी साडेसातला घेऊ, आणि बंधाऱ्याची जागा सप्टेंबरच्या पहिल्या सभेतच नक्की करू. कन्याशाळेतील तपासणी यापुढे दुसऱ्या तपासणीची तारीख ठरल्याशिवाय हाती घ्यायची नाही. त्यासाठी मुख्याध्यापिकांना जुलैच्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण देत आहे. उपविधीतील दुरुस्तीची सूचना २१ दिवसांच्या हिशेबाने याच आठवड्यात निघेल.

एक गोष्ट मात्र मी जुलैची वाट न पाहता विद्यमान अध्यक्षांच्या संमतीने कालच सुरू केली. सभेच्या आरंभी रुग्णोपयोगी साहित्याची नोंदवही मोठ्याने वाचली. दोन वॉकर आणि एक एअर बेड आठ महिन्यांपासून परत आलेले नाहीत असे निघाले. त्यांपैकी एक वॉकर ज्या घरी आहे ते घर आमच्या एका सभासदाच्या दुकानामागेच आहे. ते सभासद सभेतूनच तिकडे गेले. वॉकर वापरणारे आजोबा अजून चालण्याचा सराव करीत आहेत, पण वॉकरच्या पायांचे रबरी बूट झिजून गेले आहेत. नवीन बूट आज बसवून दिले आणि नोंदवहीत मुदत वाढवली.