मदत हवी आहे: डेटाबेसमध्ये मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

बीएस्सी आयटी शेवटच्या वर्षाचा ग्रुप प्रोजेक्ट आहे, चौघं आहोत, गावच्या वाचनालयासाठी पुस्तक देवघेव सिस्टम, पीएचपी आणि झॅम्पवरचं (लॅपटॉपवरच सर्व्हर चालवायचं पॅकेज) मारियाडीबी डेटाबेस. एकाच्या लॅपटॉपवर टेबल लॅटिन१ मध्ये (या एन्कोडिंगमध्ये देवनागरी बसतच नाही) बनलं होतं, एरर काहीच आला नाही म्हणून त्याने तीन दिवस बसून ३१० सभासदांची नावं भरली आणि आता उघडलं तर 'सावित्री'च्या जागी नुसती आठ प्रश्नचिन्हं.

टेबल अल्टर करून यूटीएफ८एमबी४ (देवनागरी चालणारं एन्कोडिंग) केलं, कनेक्शनला सेट कॅरसेटने तेच दिलं, पेजला यूटीएफ८चा मेटा टॅग आधीपासून होताच. नवीन एंट्री आता नीट येतात, जुन्या तशाच. सिलेक्ट हेक्स करून साठवलेले कच्चे बाइट पाहिले तर सगळीकडे ३एफ ३एफच (प्रश्नचिन्हाचा कोड) दिसतंय, म्हणजे मूळ अक्षरं गेलीच असं वाटतंय. अल्टरच्या आधीचा बॅकअप आहे पण त्यातही तेच. बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) चालू नव्हता.

पुढच्या शुक्रवारी व्हायवा आहे, डेटाबेस बदलायला गाईड परवानगी देणार नाहीत. वाचनालयाचं रजिस्टर परत मिळेल पण त्या मित्राची सगळी मेहनत वाया जाईल याचं फार वाईट वाटतंय. ही नावं अजून कुठून परत मिळू शकतात का, की पुन्हा टाईप करायला आजच बसावं?