तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मुलीचा तोल जातो. कुणाला असा अनुभव?

सातारकर_आई:
मुलगी 13 वर्षांची. चौथ्या वर्षी रक्ताचा कॅन्सर (एएलएल) झाला, अडीच वर्षं केमो चालली. आता सगळे रिपोर्ट चांगले आहेत, देवाची कृपा. पण पोर सारखी पडते. सज्जनगड चढली मजेत, उतरताना मात्र प्रत्येक पायरीला माझा खांदा घट्ट धरून. लाईट गेली की भिंत चाचपत चालते. परवा बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि एकदम मागे कलली, नळ धरला म्हणून वाचली. चप्पल पायातून निघून मागे राहिली तरी तिला कळत नाही, चार पावलं तशीच जाते. शाळेत सगळे तिला वेंधळी म्हणतात. जुन्या केमोचा काही संबंध असेल का?

मिरज_फिजिओ:
ताई, असू शकतो. फाइलमध्ये व्हिन्क्रिस्टीन आहे का बघा, एएलएलमध्ये ते असतंच. त्या औषधाने पायाच्या नसांना इजा होते. तोल सांभाळायला डोळे, आतला कान आणि तळपायाची जाणीव असे तीन आधार लागतात. तळपायाकडून निरोप नीट येत नसला की सगळा भार डोळ्यांवर. मग अंधारात किंवा साबणाने डोळे मिटले की तोल गेलाच. पाय जुळवून, डोळे मिटून उभी करा. तुम्ही अगदी जवळ उभ्या राहा. टाचांवर चालता येतं का तेही बघा. जांघेत दुखत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, या उपचारातल्या स्टेरॉइडने खुब्याचं हाड खराब होऊ शकतं. आणि डोकेदुखी, उलट्या असतील किंवा तोल झपाट्याने बिघडत असेल, तर थांबू नका.

सांगलीचा_मी:
माझं कारण वेगळं. नवव्या वर्षी लहान मेंदूतली गाठ काढली, पुढे सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने ऐकू येणं कमी झालं. आज 27 चा आहे, शेताच्या बांधावरून अजून हात पसरून चालतो. फिजिओने दिलेला व्यायाम रोज करतो: ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर उभं राहायचं. सुरुवातीला तीन आकडे मोजेपर्यंत पडायचो, आता वीस होतात. टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळी ओपीडी आहे, तिथे जुने पेशंट तपासतात. तिला वेंधळी म्हणू देऊ नका हो. मला म्हणायचे, मी खेळायलाच जाईनासा झालो.

सातारकर_आई:
दोघांचे खूप आभार. काल रात्री करून बघितलं. डोळे उघडे असताना खांबासारखी उभी. मिटले आणि चार मोजेपर्यंत माझ्या अंगावर आली. टाचांवर एक पाऊलही टाकता येईना. जांघेत दुखत नाही म्हणाली. केमो चालू असतानाही टाचा टेकून पंजे उचलता येत नव्हते, 'हळूहळू येईल' असं सांगितलं होतं, नंतर आम्हीच विसरलो. इतकी वर्षं मी तिला 'बघून चाल गं' म्हणून ओरडत आले. ती बघूनच चालत होती. सोमवारी फाइल घेऊन डॉक्टरांकडे जातोय. मिरजकर, तोवर मागे पट्टा असलेली सँडल घालू का, की बूटच बरे?