कंपनी म्हणते पेटंट दोघांच्या नावे करू. करावं का?

गाळणी: आमच्या अभियांत्रिकी कॉलेजात सांडपाण्यातला रंग शोषणारा कार्बन तयार झालाय. प्रकल्पाला पैसे देणारी कंपनी पेटंटवर आपलंही नाव मागतेय. त्यात विद्यार्थिनीचा पेपर पुढच्या महिन्यात परिषदेत आहे. आधी काय करायचं?

कलमबहाद्दर: आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज, मगच पेपर. पेपर आधी वाचून नंतर अर्ज करायची पेटंट कायद्याच्या कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत फार तोकडी आहे, युरोपात तर ती उपयोगी पडत नाही. शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन फी १,६०० रुपये, त्या सवलतीसाठी फॉर्म २८ जोडा. मोठी कंपनी सहअर्जदार झाली की तेच ८,०००.

पेपरचा सारांश चिकटवून अर्ज भरू नका. तापमान ५०० अंश एवढंच लिहिलंत आणि वर्षभराने पूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये (शोधाच्या सविस्तर वर्णनात) ४५० ते ६५० चा दावा केलात, तर वाढीव भागाला पहिल्या अर्जाची तारीख मिळत नाही. किती ते किती हे आत्ताच लिहा: तापमान, सामू, मात्रा. विद्यार्थिनी तुमची नोकरदार नाही, म्हणून हक्क हस्तांतरणावर तिची सही आत्ताच घ्या. पदवी घेऊन गेली की शोधत बसाल.

तिसरा_मजला: संयुक्त मालकीला माझा विरोध. कलम ५० प्रमाणे प्रत्येक सहमालक पेटंट स्वतः वापरू शकतो, दुसऱ्याला हिशेब न देता. तिसऱ्याला परवाना द्यायचा तर मात्र दुसऱ्याची संमती लागते. कारखाना कंपनीकडे, तुमच्याकडे प्रयोगशाळा. म्हणजे ते माल विकणार आणि तुम्ही प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर लावणार.

गाळणी: प्रकल्पाच्या करारात 'निष्पन्न आयपी संयुक्त', म्हणजे निघालेल्या शोधाचे हक्क दोघांचे, असं आधीच लिहिलंय.

तिसरा_मजला: तरी वाट आहे. कलम ५० हे 'वेगळा करार नसल्यास' लागू होतं, तेव्हा पुरवणी करार करा. कंपनीला फक्त कापड उद्योगापुरता एकाधिकार आणि वर्षाची किमान रॉयल्टी. ती चुकली की एकाधिकार संपला. रॉयल्टी निव्वळ विक्रीवर घ्या, नफ्यावर कधीच नको, नफा कागदावर शून्य करता येतो. जीएसटी वेगळा, हेही लिहा. परवान्याची नोंद फॉर्म १६ ने पेटंट कार्यालयात करायची.

भट्टीवाला: पेटंटने माल तयार होत नाही. २०० ग्रॅमच्या बॅचमध्ये उष्णता सारखी पोचते, ५० किलोत मधला भाग कच्चा राहतो. त्यात बारीक भुकटी जास्त झाली की कार्बन भरलेला कॉलम (पाणी गाळायची उभी नळी) तुंबतो आणि दाब वाढतो. कच्च्या मालाची आर्द्रता, चाळणीचा आकार, आयोडीन अंक (कार्बन किती शोषतो याचं माप) तपासायची पद्धत हे सगळं स्वतंत्र पुस्तिकेत द्या आणि त्याचे पैसे वेगळे लावा. कंपनीच्या भट्टीत लागोपाठ तीन बॅच पास झाल्या की दुसरा हप्ता, अशी अट घाला. 'समाधानकारक निकाल' असा मोघम शब्द करारात आला तर भांडण ठरलेलं.