१९६५ ची बीटल: स्विंग अ‍ॅक्सल काढून आयआरएस बसवू का?

वातशीतल:
नमस्कार मंडळी. माझी १९६५ ची फोक्सवॅगन बीटल वडिलांकडून आलेली. सहा वर्षांत इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळं एकेक करून मार्गी लावलं. आता मागच्या सस्पेन्शनपाशी अडलोय.

गेल्या महिन्यात पावसात उतारावर डावं वळण घेत होतो. वेग फार नव्हता, पण वळण आत आत जायला लागलं म्हणून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पटकन उचलला. त्याच क्षणी गाडीचा मागचा भाग कुणीतरी खालून उचलावा तसा वर आला आणि बाजूला सरकला. स्टिअरिंग उलटं फिरवून कशीबशी सावरली, समोरून कोणी आलं नाही म्हणून निभावलं. शेजारी मुलगी बसली होती. तिनं दारावरचा पट्टा धरला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही. त्या दिवसापासून मी तिला या गाडीत बसवलेलं नाही.

घरी येऊन मागून जॅकवर घेतली तर दोन्ही चाकं खालून आत मुडपलेली दिसली. मला समजलंय ते असं: स्विंग अ‍ॅक्सलला प्रत्येक बाजूला एकच सांधा, तोही गिअरबॉक्सला लागून. त्यामुळे चाक सरळ वरखाली होत नाही, अ‍ॅक्सलच्या नळीबरोबर झोका घेतं. आयआरएसमध्ये (इंडिपेंडंट रिअर सस्पेन्शन, नंतरच्या बीटलचं मागचं सस्पेन्शन) प्रत्येक शाफ्टला दोन सीव्ही जॉइंट (कोन बदलला तरी एकसारखे फिरणारे सांधे) आणि चाक तिरक्या आर्मवर, म्हणून ते पुष्कळसं उभं राहतं. नंतरच्या मॉडेलचा आयआरएसचा पूर्ण संच मला मिळतोय: आर्म, शाफ्ट, गिअरबॉक्स, सगळं. हे काम घरी जमण्यासारखं आहे का? कोणी केलंय?

दोनसांधे:
मी केलंय, १९६६ च्या गाडीवर. चार महिने लागले. गाडी आता वळणात पाय उचलला तरी शांत राहते, यात शंका नाही. पण नटबोल्टचं काम म्हणून यात उतरू नका, हे वेल्डिंगचं काम आहे. तिरक्या आर्मचं आतलं टोक ज्या ब्रॅकेटवर फिरतं ती ब्रॅकेट तुमच्या चेसिसवर नाहीच. ती टॉर्शन ट्यूबपाशी (पिळल्यावर स्प्रिंगचं काम करणारे दांडे, म्हणजे टॉर्शन बार, ज्या आडव्या नळीत असतात ती) नव्यानं वेल्ड करावी लागते, आणि सगळं काम तिथंच घडतं किंवा बिघडतं. पिव्हटची रेषा जरा चुकली तर चाकाचा टो (वरून बघता आत-बाहेर वळलेला कोन) आणि कँबर (मागून बघता आत-बाहेर झुकलेला कोन) दोन्ही चुकतात. स्प्रिंग प्लेटच्या (टॉर्शन बारच्या बाहेरच्या टोकावर बसणारी, चाकाकडे जाणारी पट्टी) लांबट भोकांत टो थोडाफार जुळवता येतो, पण भोकं संपली की संपलं.

मी जिग (वेल्ड करताना ब्रॅकेट अचूक जागी धरणारा साचा) बनवून घेतलं होतं. आधी नुसते टाके मारले, आर्म लावून दोन्ही बाजू मोजल्या. उजवी तीन मिलिमीटर पुढे निघाली. टाके तोडले, परत मारले. तिसऱ्यांदा जुळलं तेव्हा पूर्ण वेल्ड. आणि त्याआधी टॉर्शन बार आणि रबरी बुश काढून ठेवा, उष्णतेनं रबर वितळतं.

गिअरबॉक्स संचातलाच घ्या, तुमच्याला ड्राइव्ह फ्लँज (सीव्ही जॉइंट जोडायच्या चकत्या) नाहीत. टॉर्शन बार मात्र दोन्ही शेजारी ठेवून मोजा. स्विंगचा २१¾ इंच, आयआरएसचा २६ ९/१६ इंच. हँडब्रेकच्या केबलही आधी ताणून बघा, आयत्या वेळी त्या अडवतात.

मूळचंबरं:
वातशीतल, जरा थांबा. जॅकवर घेतली की स्विंग अ‍ॅक्सलची चाकं आत मुडपणारच, त्यावरून काही ठरत नाही. गाडी जमिनीवर, टाकी भरलेली, अशी सपाट जागी उभी करा आणि मागून बघा. तेव्हाही चाकं खालून आत असतील तर मागची उंची जास्त आहे. मग तुम्ही झोक्याच्या वाईट टोकापासूनच सुरुवात करताय. वळणात पाय उचलला की वजन पुढे जातं, मागचा भाग वर येतो, बाहेरचं चाक आणखी आत जातं आणि गाडी त्याच चाकावर चढते. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालंय.

दुसरं, हवा किती ठेवता? या गाडीचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागे. रेडियल टायरला पुढे १८, मागे २७ पीएसआय. पुढे-मागे सारखी हवा भरली की पुढची पकड वाढते आणि मागचा भाग आधी सुटतो.

हा दोष कंपन्यांना ठाऊक होता. पोर्शेनं ३५६ च्या सुपर ९० ला मागे आडवी भरपाई स्प्रिंग दिली, शेव्हरोलेनं कॉर्व्हेरला १९६४ मध्ये स्प्रिंगचा आडवा पाटा दिला आणि १९६५ मध्ये मागचं सस्पेन्शनच बदललं. तुमच्या गाडीलाही तसा आडवा पाटा मिळतो, कँबर कंपेन्सेटर म्हणतात. गिअरबॉक्सखाली मध्यावर टेकतो, दोन्ही टोकं अ‍ॅक्सलच्या नळ्यांना खालून आधार देतात आणि चाकं एकदम खाली झुकू देत नाहीत. वेल्डिंग नाही, आणि नको वाटला तर काढता येतो. वडिलांची गाडी आहे, चेसिस कापण्याआधी एवढं तरी करून बघा.

वातशीतल:
मोजलं. हवा चारही चाकांत २६ निघाली, ही चूक माझीच. आणि गाडी जमिनीवर असतानाही चाकं खालून आत आहेत, उघड दिसतात. तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये मागचे बुश बदलले होते. तेव्हापासून गाडी मागून ताठ उभी राहायला लागली आणि मला ते आवडलं होतं. आता स्प्रिंग प्लेटचा कोन मोजायचाय. कसा मोजू?

दोनसांधे:
दाराच्या उंबऱ्यावर कोनमापक ठेवून गाडीचा स्वतःचा कल आधी लिहून घ्या, मग तो प्लेटच्या कोनातून वजा करा. प्लेट सुटी असताना, म्हणजे बारवर कसलाच ताण नसताना मोजायचा. तुमच्या सालाच्या मॅन्युअलमध्ये आकडा आहे.

बारला आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दाता म्हणजे ९ अंश, बाहेरचा म्हणजे ८ अंश १० मिनिटं. बार आत एक दाता एका दिशेला आणि प्लेट बाहेर एक दाता उलट दिशेला फिरवली की ५० मिनिटांचा फरक पडतो, इतकं बारीक जुळवता येतं. दाते न मोजता बसवलं तर गाडी उंच होऊ शकते.

एक गोष्ट जीव लावून सांगतो. प्लेट खालच्या स्टॉपवर ताणून बसलेली असते. ती स्टॉपवरून सोडवताना खाली आपटते, बोटं जातील. जॅक आणि साखळी लावल्याशिवाय तिला हात लावू नका. आणि अ‍ॅक्सल प्लेटवरून सोडवण्याआधी छिन्नीनं दोघांवर मिळून एक खूण करा, नाहीतर टो हरवेल.

वातशीतल:
दोन रविवार लागले. दोन्ही बाजूंना बाहेरचा बरोबर एकेक दाता चुकलेला होता, प्लेट आठ अंशांनी जास्त खाली. खुणा केल्या, साखळी लावली, दाते मोजून बसवलं. गाडी मागून तीन-चार बोटं खाली आली. हवा १८ आणि २७.

काल पहाटे रस्ता ओला असताना त्याच वळणावर गेलो, एकटाच. आधी सावकाश, मग थोडा वेग वाढवत तीनदा. तिसऱ्या वेळी मुद्दाम पाय उचलला. मागचा भाग थोडा हलला, पण वर आला नाही. कंपेन्सेटर मागवलाय. संचवाल्याला नाही म्हटलेलं नाही, महिनाभर थांब म्हटलंय. कंपेन्सेटर लावून पुन्हा त्याच वळणावर जाईन, मग ब्रॅकेटचं ठरवू. दोनसांधे, तुमचं जिग अजून आहे का?

दोनसांधे:
आहे. तेल लावून ठेवलंय.